खरेदी विभागाने काय मोजावं?

मार्च महिना सरत आला की चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींमधल्या छोट्या कारखान्यांना साधारण एकाच मजकुराची पत्रं येऊ लागतात. बाजारात स्पर्धा वाढली आहे, आपल्या दीर्घ सहकार्याची आम्हाला कदर आहे, तरी १ एप्रिलपासून सर्व दरांत अमुक टक्के कपात करावी. आकडा कधी ३ असतो, कधी ५. पत्राखाली खरेदी विभागाच्या प्रमुखाची सही असते. त्याला तो आकडा वरून आलेला असतो. वार्षिक अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्याच्या नावापुढे 'सेव्हिंग' म्हणून एक रक्कम लिहिली गेली, ती त्याने हाताखालच्या माणसांत वाटली. कास्टिंग पाहणाऱ्याच्या वाट्याला इतकी, शीट मेटलवाल्याच्या इतकी, पॅकिंगवाल्याच्या इतकी. प्रत्येकाने आपला वाटा आपापल्या व्हेंडरांवर पसरला. रक्कम वरून खाली उतरत गेली आणि ती वस्तू मुळात कितीला बनते, हे या सगळ्या उतरणीत कोणी विचारलं नाही.

कारखान्याच्या खरेदी विभागाचं नेतृत्व करणं म्हणजे आपली माणसं काय मोजणार हे ठरवणं, असं या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं ठाम मत झालं आहे. ज्या प्रमुखाच्या हातात 'सेव्हिंग'ची रक्कम एवढंच माप आहे, तो वसुली करू शकतो, त्याला खरेदी करता येत नाही. त्याच्या टीममधली हुशार मुलंमुलीही दोन-तीन वर्षांत वसुलीच शिकतात.

व्यवस्थापनाला हा मोह का पडतो, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. वाहन उद्योगात विक्रीच्या दर १०० रुपयांतले साधारण ६० ते ७० रुपये कच्चा माल आणि बाहेरून घेतलेले भाग यांवर जातात. कंपनीचा नफा शंभराला ८ असेल, तर खरेदीत १ टक्का वाचला की नफ्यात ६०-७० पैशांची भर पडते. तेवढीच भर विक्रीतून घालायची तर विक्री ८ टक्क्यांच्या आसपास वाढवावी लागते. एवढा पैसा ज्या खात्यातून जातो तिकडे मालकाची नजर जाणार, आणि जायलाच हवी. वाचलेला रुपया कोणाच्या खिशातून आला आणि तो तिथे टिकेल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

एक साधा भाग घेऊन बघू. बेअरिंगचं हाउसिंग. बिडाचं ५ किलोचं कास्टिंग आणायचं, व्हीएमसीवर मशिनिंग करायचं, तेल लावून पेटीत भरून पाठवायचं. समजा दर ७०० रुपये आहे. त्यात १०५ रुपये किलोने कास्टिंगचे ५२५. मशिनचा वेळ, वीज, हत्यारं आणि मजुरी मिळून १०५. वाहतूक आणि पॅकिंगचे २०, रिजेक्शन आणि ऑफिसखर्चाचे १५. मालकाला उरतात ३५. पत्रातली ५ टक्के कपात म्हणजे नेमके ते ३५ रुपये.

मालक नाही म्हणू शकत नाही, कारण मशिनवर बँकेचा हप्ता चालू आहे. तो हो म्हणतो आणि शेडमध्ये जाऊन विचार करू लागतो. इन्सर्टची कड २०० नगांनंतर बदलायची ती २८० पर्यंत चालवली जाते. दर दहाव्या नगाचा बोअर एअर गेजवर बघायचा, तो आता पंचविसाव्याचा बघतात. पगार वाढला नाही म्हणून जुना ऑपरेटर पलीकडच्या शेडमध्ये जातो आणि त्याच्या जागी महिन्याभरापूर्वी आलेला मुलगा उभा राहतो. यातली कुठलीही गोष्ट मोठी लबाडी म्हणता येणार नाही. तीन-चार महिन्यांनी आपल्या असेंब्ली लाइनवर बेअरिंग बसवताना प्रेसचा दाब वरखाली होऊ लागतो. दर पाळीत चार-दोन हाउसिंग बाजूला पडतात. मग डेबिट नोट, मग सॉर्टिंगला दोन माणसं, मग एक दिवस लाइन अर्धा तास बंद. हा खर्च गुणवत्ता आणि उत्पादन या विभागांच्या खात्यावर पडतो आणि ३५ रुपयांची बचत खरेदीच्या खात्यात जमा राहते. वर्षअखेरीला खरेदीवाल्याचं कौतुक होतं, त्यात खोटा आकडा एकही नसतो.

आता तेच हाउसिंग घेऊन खरेदीतला माणूस व्हेंडरच्या शेडमध्ये ड्रॉइंग हातात धरून तासभर उभा राहिला तर काय दिसतं? कास्टिंगचा पॅटर्न झिजला आहे, म्हणून फाउंड्री सावधगिरीने ४ मिलिमीटर मशिनिंग अलाउन्स सोडते. नवा पॅटर्न केला तर अडीच मिलिमीटर पुरेल आणि ३०० ग्रॅम बीड वाचेल. म्हणजे साडेएकतीस रुपये, शिवाय कटिंगचा वेळ वाचला तो वेगळा. पॅटर्न बहुतेक वेळा ग्राहक कंपनीच्याच मालकीचा असतो, तेव्हा तो बदलायचा निर्णयही तिनेच घ्यायचा असतो. व्हेंडर दोन वर्षं ते सांगत असतो आणि त्याची मेल कोणी उघडलेली नसते. पुढे दिसतं की मागच्या एका फेसवर ग्राइंडिंगचं फिनिश मागितलं आहे. तो फेस कशालाच टेकत नाही. जुन्या मॉडेलच्या ड्रॉइंगवरून ती खूण तशीच उतरून आली आहे. ती काढायची तर डिझाइन विभागाची सही लागते, आणि डिझाइनला त्यांची स्वतःची घाई असते. ही सही आणणं कनिष्ठ खरेदीदाराच्या आवाक्यातलं काम नाही. ती प्रमुखाने आणायची असते. त्याचा पगार मला तरी यासाठीच योग्य वाटतो.

एकाच कंपनीने हे दोन्ही रस्ते चालून पाहिल्याचं उदाहरण अमेरिकेतल्या क्रायस्लरचं आहे. १९८९च्या सुमारास थॉमस स्टॉलकॅम्प यांच्या खरेदी विभागाने 'स्कोअर' नावाची योजना सुरू केली. खर्च कुठे कमी करता येईल ते पुरवठादारांनी सुचवायचं आणि होणारी बचत दोघांनी वाटून घ्यायची. सूचना क्रायस्लरच्या स्वतःच्या ड्रॉइंगवर किंवा कामाच्या पद्धतीवर बोट ठेवणारी असली तरी चालेल. नव्वदच्या दशकाच्या मध्याला दर गाडीमागच्या नफ्यात ही कंपनी डेट्रॉइटच्या तीन बड्या वाहन कंपन्यांत पुढे होती. १९९८मध्ये ती डाइम्लरमध्ये विलीन झाली, दोन वर्षांत तोटा दिसू लागला, आणि डिसेंबर २०००मध्ये सगळ्या पुरवठादारांना कळवण्यात आलं की १ जानेवारीपासून दर ५ टक्क्यांनी कमी होतील आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी १० टक्क्यांनी. मार्चमधल्या आपल्या पत्रांचाच हा मोठा भाऊ. पुढे क्रायस्लरचं जे झालं त्याची कारणं पुष्कळ आहेत, ती सगळी खरेदीच्या माथी मारणं खरं होणार नाही. पण पुरवठादार आपणहून सूचना घेऊन दारात येतील, ही दशकभर जमवलेली सवय त्या एका पत्रापुढे टिकणं शक्य नव्हतं.

त्याआधी १९९२मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदीची सूत्रं होजे इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे आली होती. त्यांनी चालू करार मोडून नव्याने दर मागवले आणि मोठी बचत दाखवली. वर्षभरातच, मार्च १९९३मध्ये, ते फोक्सवॅगनला गेले. पुढे गोपनीय कागदपत्रं नेल्याच्या आरोपावरून वाद पेटला आणि १९९७च्या जानेवारीत फोक्सवॅगनने १० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपली तांत्रिक माहिती स्पर्धकांना दाखवून त्यांच्याकडून दर मागवले जातात, अशी तक्रार त्या काळात पुरवठादार करत होते. हे आपल्याकडेही घडतं. एका व्हेंडरने महिनाभर खपून फिक्स्चरची युक्ती काढायची आणि तिचं प्रोसेस शीट दुसऱ्याला पाठवून 'यावर कोटेशन द्या' म्हणायचं, हे सरळसरळ चोरीचं काम आहे. माझ्या टीममध्ये ते चालणार नाही, हे प्रमुखाने पहिल्याच दिवशी स्वच्छ शब्दांत सांगावं. एकदा असं झालं की त्या व्हेंडरची पुढची युक्ती तुमच्या स्पर्धकाच्या दारात जाते, आणि ते तुम्हाला कधी कळतही नाही.

पैसे देण्याच्या बाबतीत तर गणितच उलटं चाललं आहे. समजा एक लघुउद्योजक महिन्याला १ कोटीचा माल देतो. पैसे ३० दिवसांत मिळायचे ते ९० दिवसांत मिळू लागले, तर त्याचे २ कोटी कायमचे अडकले. त्याला बँक १२ टक्क्यांनी पैसे देते, म्हणजे वर्षाला २४ लाख व्याज. १२ कोटींच्या उलाढालीवर हे २ टक्के होतात. मोठी कंपनी हेच २ कोटी ८ टक्क्यांनी उचलू शकली असती, १६ लाखांत. ज्याला पैसा स्वस्त मिळतो त्याने आपला भार महाग पैसा घेणाऱ्यावर टाकला आणि साखळीतला एकूण खर्च ८ लाखांनी वाढला. ते २४ लाख व्हेंडर दरात घालतो किंवा मालातून काढतो, तिसरा मार्ग त्याच्याकडे नाही. आणि मग खरेदीतला तरुण इंजिनियर तेच २ टक्के परत मिळवायला त्याच्यासमोर तीन तास घासाघीस करत बसतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे व्याज मागायची हिंमत मात्र फार थोडे करतात, कारण पुढच्या महिन्याचं शेड्यूल त्याच माणसाच्या हातात असतं. २०२३च्या वित्त कायद्याने आयकरातून चाप लावला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे चुकते होईपर्यंत, वजावटीला धरला जाणार नाही. या तरतुदीची चाहूल लागताच काही खरेदीदारांनी छोट्या नोंदणीकृत व्हेंडरांकडून काम काढून मध्यम उद्योगांकडे वळवायला सुरुवात केल्याच्या तक्रारी झाल्या. ज्याच्या रक्षणासाठी कायदा आला त्यालाच त्याच्यापायी काम गमवावं लागणं, ही गोष्ट मला संतापजनक वाटते. पैसे देणं लेखा विभागाचं काम आहे, असं म्हणून खरेदीप्रमुखाने अंग काढून घेऊ नये. पर्चेस ऑर्डरवर मुदत त्याच्या सहीने लिहिली जाते. ती पाळली गेली की नाही, हे दर सोमवारी त्याच्या समोरच्या कागदावर पहिल्या ओळीत दिसायला हवं.

सोमवारच्या कागदावर प्रत्यक्षात काय असतं? शॉर्टेज लिस्ट. सकाळी नऊला उत्पादनाकडून यादी येते आणि अख्खा विभाग फोनला लागतो. गाडी निघाली का, किती नग आहेत, ड्रायव्हरचा नंबर द्या. दुपारी दुसरी यादी येते. ज्या माणसाचा दिवस फॉलो-अपमध्ये जातो त्याला कॉस्टिंग शिकायला, फाउंड्रीत जायला, दुसरा सोर्स उभा करायला वेळ कुठून मिळणार? या शॉर्टेजचं मूळ शोधत गेलं तर ते पुष्कळदा आपल्याच इमारतीत सापडतं. महिन्याच्या सुरुवातीला १००० नगांचं शेड्यूल दिलं, २० तारखेला विक्री विभागाच्या आग्रहाने ते १४०० झालं, आणि पुढच्या महिन्यात ६०० वर आलं. व्हेंडरने आधी ओव्हरटाइम केला, स्वतंत्र टेम्पोने माल पाठवला, नंतर भरलेल्या मालावर बसून राहिला. आपल्या नोंदीत तो 'डिलिव्हरी परफॉर्मन्स खराब' म्हणून लाल रंगात दिसतो. प्रमुखाने इथे आपल्या कंपनीच्या नियोजन बैठकीत जाऊन भांडायला हवं. पुढचे पंधरा दिवस तरी शेड्यूल हलणार नाही, हा शब्द त्याने विक्री आणि नियोजनाकडून घ्यावा आणि मगच व्हेंडरला जाब विचारावा. बाहेरच्यावर आवाज चढवणं सोपं असतं. आपल्याच कंपनीतल्या वरिष्ठासमोर व्हेंडरची बाजू मांडायला अधिक धैर्य लागतं, आणि प्रमुख कसा आहे हे टीमला तिथेच कळतं.

जोखमीचं तर खातंच नसतं. १ फेब्रुवारी १९९७ला पहाटे जपानमधल्या कारिया इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमधला 'पी-व्हॉल्व्ह' हा छोटासा भाग तिथेच बनत होता आणि टोयोटाकडे त्याचा साठा अगदी थोडा होता. असेंब्ली लाइन एकामागून एक थांबल्या. मग आयसिनने ड्रॉइंग वाटली आणि डझनावारी कारखान्यांनी, त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीही होती, आपापल्या मशिनवर तो भाग बनवायला घेतला. आधी दर ठरवा, असं म्हणत कोणी अडून बसलं नाही. काही दिवसांत पहिले व्हॉल्व्ह पोचले आणि आठवड्याच्या आसपास गाडं पूर्वपदावर आलं. नंतर टोयोटाने आपल्या पहिल्या फळीच्या पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या त्यांच्या विक्रीच्या १ टक्का रक्कम आपणहून दिली. एकाच सोर्सवर अवलंबून राहण्याचा धोका या घटनेत दिसतोच. पण आदल्या मार्चमध्ये ५ टक्के कापलेल्या व्हेंडरांनी रविवारी मशिन चालू केली असती का, हाही प्रश्न विचारायला हवा. २००९मध्ये गुरगावच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात कामगारांचा संप लांबला आणि त्याचे भाग न पोचल्याने उत्तर अमेरिकेत फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या प्रकल्पांना काम थांबवावं लागलं. व्हेंडरच्या दारात वेतनावरून काय शिजतंय हे खरेदीदाराला माहीत असायला हवं, आणि ते दराच्या तक्त्यातून कळत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की कठोरपणा चालतो, निस्सानचंच बघा. ऑक्टोबर १९९९मध्ये कार्लोस घोन यांनी जाहीर केलं की तीन वर्षांत खरेदीखर्च २० टक्क्यांनी आणि पुरवठादार ११४५ वरून ६०० वर आणायचे. बुडत चाललेली कंपनी सावरली. हे खरं आहे. पण त्या २० टक्क्यांत पुरवठादार कमी करून उरलेल्यांना मिळालेलं जास्त काम होतं, आणि निस्सानच्या इंजिनियरांनी पुरवठादार व खरेदीवाल्यांबरोबर बसून सैल केलेले स्वतःचेच निकष होते. सरसकट पत्राने ते झालं नाही. यातून मी एक गोष्ट मान्य करतो. जो व्हेंडर वर्षानुवर्षं सुधारत नाही, त्याला ओळखीखातर धरून ठेवणं हा चांगलं काम करणाऱ्यावर अन्याय आहे. त्याला समोर बसवून, कारण सांगून, वर्षभराची मुदत देऊन काम काढून घ्यावं.

दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. दराशिवाय इतर गोष्टी बघायची मुभा दिली की पाकिटं फिरतात, त्यापेक्षा एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, बरा, असं मालक म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही, अशी पाकिटं घेणारी माणसं मी पाहिली आहेत. पण एल-वनखालीही तेच चालतं. तीन कोटेशनांपैकी दोन एकाच घरातून आलेली असतात, किंवा स्पेसिफिकेशन अशी लिहिली जाते की एकच जण बसेल. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही सरकारी खरेदीत काही प्रकारच्या कामांसाठी किमतीबरोबर गुणवत्तेला गुण द्यायची वाट मोकळी केली. खाजगी कारखान्याला तर याहून सोपे उपाय हाताशी आहेत. प्रत्येक भागाचं कॉस्टिंग शीट उघडं असावं. महागडा व्हेंडर निवडला तर कारण लेखी असावं. व्हेंडर निवडणारा आणि बिल पास करणारा माणूस वेगळा असावा. तीन-चार वर्षांनी प्रत्येकाचा विभाग बदलावा, पण त्याहून लवकर नाही, कारण कास्टिंग समजायलाच दोन वर्षं लागतात.

पुढच्या काही वर्षांत या पदाची खरी परीक्षा दराहून वेगळ्या गोष्टीत होणार आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत सिलिंडर ब्लॉक नाही, क्रँकशाफ्ट नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या अनेक फाउंड्री आणि मशीन शॉप याच भागांवर उभी आहेत. कुठलं इंजिन कधी बंद होणार, हे वाहन कंपनीच्या खरेदीप्रमुखाला नव्या मॉडेलच्या आखणीतून दोन-तीन वर्षं आधी कळतं. व्हेंडरला ते कळतं शेड्यूल आक्रसायला लागल्यावर. तोवर त्याने कदाचित सात वर्षांच्या कर्जाने नवं एचएमसी घेतलेलं असतं, आणि ते घेताना क्षमता वाढवा असा आग्रह याच खरेदी विभागाने धरलेला असतो. गोपनीयतेचं बंधन असतं, सगळं सांगता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण या भागासाठी नवी मशिन घेऊ नका, एवढं सांगायला कुठलाही करार आड येत नाही. मोटरचं हाउसिंग, बॅटरीचा ट्रे, ॲल्युमिनियमचं डाय कास्टिंग यांपैकी त्याला काय जमेल, हे त्याच्या शेडमध्ये जाऊन आताच बघता येतं. प्रमुखाने आपल्या टीमला या वर्षीच हे काम द्यावं. प्रत्येकाने आपल्याकडच्या ज्या व्हेंडरांची निम्म्याहून जास्त उलाढाल इंजिनच्या भागांवर आहे त्यांची नावं काढावीत, त्यांच्यावर किती कर्ज आहे ते विचारावं, आणि त्यांच्याशी काय बोलणं झालं ते 'सेव्हिंग'च्या तक्त्याच्या आधी सांगावं.